'इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल': हा धुमारा म्हणजे नक्की काय?

प्रवराकाठ
२ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नाताळ जवळ आला की आमच्या संडे स्कूलमध्ये बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय बाहेर निघतो. यंदा वाचन आणि त्यावरचं नाटुकलं, दोन्ही माझ्या गळ्यात पडलंय. पहिलंच वाक्य: इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. नेहमीप्रमाणे मी थर्माकोलचं झाड केलं, त्याला एक हिरवीगार फांदी, फांदीच्या टोकाला पांढरं फूल. तर आठवीतलं एक पोरगं म्हणतं, "बाई, बुंध्याला फुटलं म्हणता अन् फांदी तर पार वर डकवली."

याच्या घरी ऊस आहे, बरं का. मला उत्तर सुचेना.

घरी येऊन सगळे संदर्भ काढून बसले. यशया ११ मध्ये धुमारा आणि शाखा. यिर्मया २३ आणि जखऱ्या ३ व ६ मध्ये अंकुर. यशया ५३ मध्ये रुक्ष भूमीतून आलेलं काहीतरी कोवळं. प्रकटीकरणात तर थेट 'दाविदाचं मूळ'. मग मशीहा, म्हणजे ज्याची वाट पाहिली तो तारणारा, मूळ, की कोंब, की फांदी? की भाषांतरकारांनी सुचेल तो शब्द घातला? आणि वंश दाविद राजाचा, तर नाव त्याच्या बापाचं, इशायाचं का? प्रवचनांत मी यावर "आशेचं प्रतीक" एवढंच ऐकत आलेय. त्यापुढचं कुणाला ठाऊक असेल तर लिहा. भांडण नको.

बिनकामाचा
२ डिसेंबर, रात्री १०:०२

धुमारे फक्त प्रतिभेला फुटतात असा माझा आजवर समज होता. झाडालाही फुटतात हे आज कळलं. वाचतोय.

खोडवा_दुसरा
२ डिसेंबर, रात्री ११:१५

ताई, त्या पोराला माझ्याकडून एक उसाचं कांडं द्या. एकदम बरोबर बोललं.

बायबलातलं मला काही कळत नाही, पण तोडलेल्यातून फुटणं हा आमचा धंदाच आहे. लागणीचा ऊस तुटून गेला की मागे बुडखे राहतात. त्यातून जे पुन्हा येतं तो खोडवा. आता गंमत बघा. तोडणीवाल्यांनी ऊस जरा वरून तोडला, वीतभर बुडखा जमिनीच्या वर राहिला, तर फूट त्या वरच्या डोळ्यांतून येते. ती लवकर येते, हिरवी दिसते, बघणाऱ्याला बरं वाटतं. पण तिला स्वतःची मुळी धरायला माती नसते. वाऱ्यानं लवंडते, बारीक राहते. म्हणून आम्ही तोडणी झाली की कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटून घेतो. मग जमिनीच्या आतल्या डोळ्यातून फुटवा येतो. त्याला यायला वेळ लागतो, पण ऊस होतो तो त्याचाच.

म्हणजे छाटायचं ते खालून फुटावं म्हणून. तुमच्या पुस्तकात कुठून फुटलं म्हणतात, वरून की खालून?

अश्दोदकर
३ डिसेंबर, सकाळी ६:५०

खोडवा भाऊ, प्रश्न असा विचारलात की चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ नौगावचे. माझा जन्म मुंबईचा, आता पस्तीस वर्षं इस्राएलमध्ये अश्दोदला. मराठी टाइप करताना चुकलो तर सांभाळून घ्या.

खालून. मूळ हिब्रूत त्या एका वाक्यात झाडाचे चार शब्द आहेत आणि चारही वेगळे. खोतेर, गेझा, नेत्सेर, शोरेश. गेझा म्हणजे बुंधा. शोरेश म्हणजे मूळ. खोतेर म्हणजे सरळ वर येणारी बारीक काठी. हा शब्द अख्ख्या तनाखमध्ये, म्हणजे आमच्या हिब्रू बायबलात, दोनदाच येतो, दुसऱ्यांदा नीतिसूत्रे १४:३ मध्ये, मूर्खाच्या तोंडची गर्वाची काठी. आणि नेत्सेर म्हणजे मुळातून येणारा फुटवा. 'मिश्शोराशाव', त्याच्या मुळांतून. वाक्य आधी बुंध्याशी आहे, मग आणखी खाली मुळाशी जातं. त्यामुळे मराठीतला 'धुमारा' मला फार आवडला. 'शाखा' मात्र पटत नाही. शाखा बँकेला असते.

यिर्मया आणि जखऱ्याचा शब्द वेगळा, त्सेमख. त्याला मराठीत अंकुर केलंय ते ठीकच. त्सेमख म्हणजे जे उगवतं ते, कुठलीही वाढ. आजच्या हिब्रूत झाडाझुडपाला त्सेमख म्हणतात आणि शाकाहारी माणसाला त्सिमखोनी! आमच्याकडे रोजच्या प्रार्थनेत, आठवड्याच्या साध्या दिवशी तीन वेळा, पंधरावा आशीर्वाद म्हणतात: 'एत त्सेमख दाविद'. तुझा सेवक दाविद याचा अंकुर लवकर उगवू दे. लहानपणी भायखळ्याला आजोबांच्या शेजारी उभा राहून म्हणायचो, अर्थ कळत नव्हता. आम्ही अजून त्याची वाट पाहतोय, तुम्ही म्हणता तो येऊन गेला. पण शब्द तोच.

शंकेखोर
३ डिसेंबर, दुपारी १:२०

सगळं गोड आहे, पण मूळ मुद्दा कुणी काढत नाही. यशया इ.स.पू. आठव्या शतकातला. तेव्हा यरुशलेमच्या गादीवर दाविदाचाच वंश होता, आहाज, मग हिज्कीया. झाड उभं असताना बुंधा कुठून आला? म्हणजे एकतर हे वाक्य इ.स.पू. ५८६ नंतर, राज्य बुडाल्यावर कुणीतरी घातलं, नाहीतर ते हिज्कीयाचं कौतुक आहे आणि पुढच्यांनी ते ताणून येशूपर्यंत नेलं.

हसतमुख_नाही
३ डिसेंबर, दुपारी १:४५

इथे धर्मप्रचार चालतो का आता?

प्रवराकाठ
३ डिसेंबर, दुपारी २:१०

@हसतमुख_नाही, ज्ञानेश्वरीच्या ओवीवर धागा निघतो तेव्हा मीही तिथं असते. हाही तसाच वाचा.

@शंकेखोर, प्रश्न चांगला आहे. जुनं_बाड कुठे आहेत?

जुनं_बाड
३ डिसेंबर, रात्री ८:३०

आलो. शंकेखोर यांचा आक्षेप अभ्यासकांमध्येही आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याची मदार 'गेझा' म्हणजे तोडलेलाच बुंधा, यावर आहे. हा शब्द तीनच ठिकाणी येतो. ईयोब १४ मध्ये तो नक्कीच तोडलेला बुंधा आहे: झाड तोडलं तरी त्याला आशा असते, मूळ जमिनीत म्हातारं झालं, बुंधा मातीत मेला, तरी पाण्याचा नुसता वास आला की ते फुटतं. पाण्याचा वास! माझ्या मते झाडांबद्दल इतकं बारीक निरीक्षण त्या पुस्तकात दुसरं नाही. पण यशया ४० मध्ये तोच शब्द नुकत्याच लावलेल्या, अजून मूळ न धरलेल्या खोडाला आहे. म्हणजे उभं खोड असाही अर्थ होतो. त्यामुळे केवळ या एका शब्दावरून तारीख ठरवता येत नाही.

दुसरं, आठव्या शतकातच झाड पुरेसं छाटलेलं होतं. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्याच कोरीव लेखात ४६ तटबंदीची शहरं घेतल्याचा आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं यरुशलेमात कोंडल्याचा दावा आहे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात यरुशलेमला काकडीच्या मळ्यातल्या खोपटाची उपमा दिलीय. पीक निघून गेल्यावर उरलेलं राखणदाराचं खोपट. राजा गादीवर आहे, पण राज्य एवढंच.

आता बुंधा ज्याच्या मागोमाग येतो ते वाचा. दहाव्या अध्यायाचा शेवट. परमेश्वर कुऱ्हाड घेऊन अश्शूरचं रान तोडतो आणि लबानोन पडतो. लबानोन म्हणजे गंधसरूचं रान. अध्यायाचे आकडे फार नंतर घातलेले. मूळ मजकुरात एका श्वासात दोन तोडलेली झाडं आहेत. गंधसरूसारखी सूचिपर्णी झाडं सहसा बुंध्यातून फुटत नाहीत. तोडलं की संपलं. उलट सहाव्या अध्यायात यशयाने तोडल्यावर बुंधा उरणारी झाडं घेतली आहेत, एला नावाचं झाड आणि ओक, आणि ती फुटतात. अश्शूर उंच होतं, ते पडलं ते पडलंच. इशायाचं झाड लहान, पण खालून जिवंत. ही चित्रं शेजारी ठेवली की धुमाऱ्याला धार येते. नाताळच्या कार्डावर नेमका हाच अर्धा भाग नसतो.

पायरी_नि_हापूस
३ डिसेंबर, रात्री ९:१५

मी देवगडजवळचा. खोडवा_दुसरा यांच्या बुडख्यावरून आठवलं म्हणून.

हापूसचं कलम असतं, खाली रायवळ आंब्याचा खुंट आणि वर हापूसची काडी. जोड कुठे आहे हे जाणत्याला लगेच दिसतं, तिथे सालीला गाठ असते. आता जोडाच्या वरून फुटलं तर हापूस. जोडाच्या खालून फुटलं तर रायवळ. पान बघून नवख्याला कळत नाही. म्हणून आम्ही खालचा फुटवा दिसला की काढतो. तो जोमदार असतो, ठेवला तर वरचं कलम मारतो.

ताईंचा प्रश्न होता ना, दाविदाचं नाव का नाही, बापाचं का? मला वाटतं उत्तर जोडाच्या खाली आहे. दाविद राजा झाला, पुढे त्याच्या गादीवर एकाहून एक आले. ते सगळं वरचं. इशाय कधी राजा नव्हता. तो मेंढरंवाला, गावातला माणूस. त्याच्यापासून फुटलं म्हणजे गादीच्या खालून फुटलं. राजवाडा लागायच्या आधीचं जे मूळ होतं, ते पुन्हा आलं.

अश्दोदकर
३ डिसेंबर, रात्री १०:४०

पायरी भाऊ, हे मी कुठल्याही रब्बीकडून ऐकलेलं नाही आणि पटतंय. त्यात एक भर घालतो. शमुवेलच्या पुस्तकात 'इशायाचा पोर' ही शिवी आहे. शौल चिडला की दाविदाचं नाव घेत नाही, इशायाचा पोर म्हणतो. नाबाल म्हणतो, कोण हा दाविद, कोण हा इशायाचा पोर? बंड करणारा शबा ओरडतो, इशायाच्या पोराशी आमचा काही वाटा नाही. पुढे शलमोनानंतर दहा वंश फुटून निघाले तेव्हा त्यांनी हेच वाक्य म्हटलं. ज्यांना गादी मान्य नाही ते लोक तिला तिची जात दाखवायला बापाचं नाव घेतात. यशयाने तोच शब्द उचलला आणि तिथूनच फुटवा काढला.

शंकेखोर
३ डिसेंबर, रात्री ११:०५

हे मानलं. मीखा संदेष्ट्याने सांगितलेलं बेथलेहेमही मग याच खात्यात जाईल. राजधानी सोडून राजाच्या मूळ गावाला परत. येशूपर्यंतची उडी अजून मान्य नाही, पण रूपकाचा मुद्दा मान्य.

खोडवा_दुसरा
४ डिसेंबर, सकाळी ७:००

राजकारणातसुद्धा वरच्या डोळ्यांचे फुटवेच फार झालेत. असो. ऊस नेणारी गाडी आलीय, नंतर वाचतो.

वसईची_सुकेळी
४ डिसेंबर, दुपारी ३:३०

ताई, तुमच्या थर्माकोलवरच्या पांढऱ्या फुलाचा दोष तुमचा नाही, तो सुमारे बावीसशे वर्षं जुना आहे! ग्रीक भाषांतरात नेत्सेरचं 'आंथोस' झालं, म्हणजे फूल. लॅटिनमध्ये 'फ्लोस'. आणि खोतेरचं 'विर्गा', काठी. आता लॅटिनमध्ये कुमारीला 'विर्गो' म्हणतात. विर्गा-विर्गो हा खेळ धर्मपित्यांना मिळाला आणि काठी म्हणजे मारिया, फूल म्हणजे ख्रिस्त असं समीकरण बसलं. शार्त्रच्या कॅथेड्रलमधली बाराव्या शतकातली काच पाहा: इशाय खाली आडवा झोपलाय, त्याच्यातून झाड उगवतंय, फांद्यांवर राजे बसलेत, वर मारिया आणि शेंड्यावर ख्रिस्त. सुंदरच आहे. पण त्यात काही तोडलेलं दिसत नाही. सरळ वाढलेला वंशवृक्ष आहे तो.

त्सेमखचं तर आणखी भारी झालं. ग्रीकमध्ये त्याला 'आनातोले' केलं, उगवणं. रोपाचंही उगवणं, सूर्याचंही. मराठीत 'उगवणं' दोघांनाही चालतं ना, तसंच. मग लॅटिनवाल्यांनी सूर्यच धरला, 'ओरिएन्स'. जखऱ्यातला 'ज्याचं नाव अंकुर आहे तो पुरुष' लॅटिनमध्ये 'ज्याचं नाव पूर्व आहे तो पुरुष' झाला. लूकच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बाप जे गीत म्हणतो, त्यात वरून आपल्यावर उजाडणारी जी पहाट आहे, तिथंही 'आनातोले' हाच शब्द. आम्ही कॅथलिक नाताळाआधीच्या आठवड्यात रोज एक जुनी आळवणी म्हणतो. १९ तारखेला 'हे इशायाच्या मुळा' आणि २१ तारखेला 'हे उदया'. एकाच रोपट्याच्या दोन तारखा झाल्या असं मला हल्ली वाटतं.

प्रवराकाठ
४ डिसेंबर, रात्री ९:००

बाप रे. मी हे दोनदा वाचलं. आता नासरेथचं सांगा. मत्तय म्हणतो, त्याला नासोरी म्हणतील असं संदेष्ट्यांनी सांगितलं होतं. कुठल्या संदेष्ट्यानं? मला तरी सापडत नाही.

जुनं_बाड
४ डिसेंबर, रात्री १०:२०

सापडणार नाही, कारण तसं वाक्य जुन्या करारात नाही. मत्तयही इथे 'संदेष्ट्यां'द्वारे असं अनेकवचन वापरतो. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिन बायबल करणाऱ्या जेरोमपासून एक उत्तर चालत आलंय की हा 'नेत्सेर'वरचा श्लेष आहे. नेत्सेर, नत्सरेत. दोन्हींत त्साडी हे अक्षर आहे. नाजीर, म्हणजे व्रतस्थ, हा शब्द वेगळा. त्यात झायिन आहे. गावाचं नाव खरंच त्साडीने लिहीत का, हा प्रश्न होता, कारण ग्रीकमधून ते कळत नाही. १९६२ मध्ये कैसरियाला एका शिलालेखाचे तुकडे मिळाले, याजकांच्या २४ पाळ्या कुठल्या कुठल्या गावी राहत त्याची यादी. त्यात नासरेथ त्साडीनेच आहे. याने मत्तयाच्या मनात काय होतं ते सिद्ध होत नाही, पण श्लेष भाषेत बसतो एवढं खरं.

अश्दोदकर
४ डिसेंबर, रात्री ११:३०

आमच्याकडे आजही ख्रिस्ती माणसाला 'नोत्स्री' म्हणतात. आणि याच श्लेषाची दुसरी, कडू बाजू तलमूदमध्ये, आमच्या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, आहे. सन्हेद्रिन ४३अ. येशूच्या पाच शिष्यांवर खटला चालतो, एकाचं नावच नेत्सेर. तो म्हणतो, मला कसं माराल? 'नेत्सेर मुळांतून फळ देईल' असं लिहिलंय. न्यायाधीश यशया १४ काढतात, जिथं बाबेलच्या राजाला 'तिटकारा आलेल्या नेत्सेरसारखा' कबरेबाहेर फेकलंय, आणि म्हणतात, हेही लिहिलंय. एकच शब्द, एकच पुस्तक, तीन अध्यायांचं अंतर. युरोपातल्या छापील प्रतींतून हा भाग सेन्सॉरने काढला होता. लिहायला जरा अवघड वाटलं, पण शब्द किती खोल रुतलेला होता ते कळावं म्हणून लिहिलं.

जुनं_बाड
५ डिसेंबर, सकाळी ९:१०

बरं झालं लिहिलंत. यिर्मया राहिला होता, तो उरकतो. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया. नावाचा अर्थ परमेश्वर माझी नीतिमत्ता. यिर्मया म्हणतो, परमेश्वर दाविदासाठी 'नीतिमान अंकुर' उगववील आणि त्याचं नाव असेल 'परमेश्वर आमची नीतिमत्ता'. त्या राजाला हे वाचून काय वाटलं असेल! सायप्रसमध्ये लापेथोसजवळच्या फिनिशियन लेखात हेच शब्द, 'अस्सल अंकुर', गादीच्या खऱ्या वारसाला वापरलेत. त्यामुळे यिर्मया हिरवळीबद्दल बोलत नाहीये, वारस खरा की बसवलेला, याबद्दल बोलतोय. सिद्कीयाला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने बसवला होता.

आणि यहेज्केलचं उलटं आहे. अध्याय १७. तिथं देव गंधसरूच्या शेंड्यावरचा कोवळा तुरा खुडतो आणि डोंगरावर लावतो. वरून घेतलेली काडी! पायरी भाऊंच्या भाषेत हापूसची. त्यामुळे सगळ्या संदेष्ट्यांचं चित्र एकच, असं समजू नका.

पायरी_नि_हापूस
५ डिसेंबर, सकाळी ९:४०

म्हणजे कलमवाले आणि खोडवावाले, दोन्ही पंथ तिथंही होते तर.

वसईची_सुकेळी
५ डिसेंबर, सकाळी १०:०५

यशया ५३ कुणीच घेतला नाही. कोरड्या जमिनीतलं ते कोवळं काय?

अश्दोदकर
५ डिसेंबर, दुपारी १२:१५

योनेक. शब्दशः दूध पिणारं. तान्ह्या बाळालाही तेच आणि बुंध्यातून रस ओढणाऱ्या फुटव्यालाही तेच. ग्रीक भाषांतरकारांनी बाळ धरलं. इथं आमच्या इमारतीमागे जैतुनाचं एक जुनं खोड आहे, वरचं सगळं कापलेलं. बुडाला गोल करून वीसेक फुटवे आलेत. स्तोत्र १२८ मध्ये मेजाभोवतीच्या मुलांना जैतुनाच्या रोपांची उपमा आहे, ती याच्याकडे पाहिलं की कळते. नगरपालिकेचा माळी दर वर्षी ते उडवतो, दर वर्षी येतात.

प्रवराकाठ
५ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. आज थर्माकोलचं झाड मोडलं. त्या पोराच्या बापाने बाभळीचा एक खराखुरा बुंधा आणून दिलाय, करवतीच्या खुणांसकट. फूल काढून टाकलं. फुटवा हिरव्या क्रेप कागदाचा आहे, पण तो अगदी बुडाशी, मातीला टेकून लावलाय. मागच्या बाकावरून दिसत नाही अशी पाळकांची तक्रार आहे. मी म्हटलं, उठून पुढे येतील.

आणि वाचन. इतकी वर्षं मी 'धुमारा'वर आवाज चढवायचे. यंदा 'इशायाच्या बुंध्याला' इथं थांबणार, मग पुढचं साधं वाचणार.

बिनकामाचा
५ डिसेंबर, रात्री ९:५२

बुंध्याचा फोटो टाका ना ताई.

प्रवराकाठ
५ डिसेंबर, रात्री १०:१०

उद्या टाकते. पोरांनी त्यावर बसून डबे खाल्लेत, आधी पुसावा लागेल.